नऊ साखळ्या

"पुन्हा एकदा सांग. आन ह्या बाजूनं येऊन सांग, त्या कानानं मले ऐकू येत नाई."

"सांगतो ना बावा. तुहं घर तुह्या जमिनीत नाई."

"मंग कोनाच्या जमिनीत हाये?"

"ह्याच्या." मोजणीदार टिफ्टनं मान न वळवता अंगठा मागं केला. मागं पूर्वेकडचा तुकडा नुकताच नावावर घेतलेला स्वीडिश माणूस, ओकरलुंड, टोपी दोन्ही हातांत धरून उभा होता. चेहरा असा, की कुणाला वाटावं चोरी त्यानंच केली.

ओबेड क्रँडलला आधी काही झालंच नाही. वखर सोडून तो शेतातून आला होता, बैल तिकडं जुंपलेलेच उभे होते, आणि त्याच्या मनात एवढंच होतं, की ह्यांना पाणी पाजावं, वाटेला लावावं आणि ऊन चढायच्या आत राहिलेला पट्टा उरकावा. मग त्यानं विहिरीकडं पाहिलं.

"इहीर?"

"इहीर बी."

"गोठा?"

"गोठा, डुकराचं खुराडं, वैनीचा कांद्याचा वाफा, सारं. नऊ साखळ्या आत. एक साखळी सहासष्ट फुटाची, तूच लाव हिशोब."

"आन ते?"

ओबेडनं हात केला नाही, नुसतं तिकडं पाहिलं. विहिरीच्या पल्याड रानआलुबुखाराच्या झुडपाखाली दीड हात लांबीचा एक उंचवटा होता. वर दगड नव्हता. ओबेडच्या क्वेकर पंथात मेलेल्याच्या डोक्यावर दगड ठेवत नाहीत. पण त्या माळावर ठाऊक नव्हतं असं कुणी नव्हतं. टिफ्ट मोठा तोंडाळ माणूस, गावच्या पाद्र्यालासुद्धा सोडत नसे, त्यानंही नजर खाली घेतली.

"ते बी," तो म्हणाला.

ओबेडनं डोक्यावरची रुंद काठाची टोपी काढली. ही गोष्ट साधी नव्हे. ओबेडची टोपी जेवायला बसताना निघे आणि झोपताना निघे. न्यायाधीश आला तरी निघत नसे. ती त्यानं काढली, आत पाहिलं, काहीतरी हरवलं असावं तसं, आणि पुन्हा घातली.

"परवा मले कचेरीत जाचं हाये," तो म्हणाला. "पाचव्या वारी."

"गुरुवार म्हन ना लेका. सारी दुनिया गुरुवार म्हनते."

"पाचवा वार," ओबेड म्हणाला. जुन्या देवांची नावं वारांना चिकटलेली त्यांच्या पंथाला खपत नाहीत. घर पायाखालून गेलं तरी वार चुकवायचा नाही, असा तो माणूस.

तर परवा त्याची पाच वर्षं भरत होती. सरकारनं माळ फुकट दिला होता तो एका अटीवर. एकशेसाठ एकरांचा तुकडा नावावर लिहून घ्या, त्यावर घर बांधा, त्याच घरात पाच वर्षं राहा, जमीन कसा, मग दोन शेजारी घेऊन कचेरीत या आणि सांगा, की राहिलो. मग कागद मिळे. ओबेड पाच वर्षं एका रात्रीसाठीही कुठं गेला नव्हता. आणि आता हा मनुष्य सांगत होता, की तू तुझ्या तुकड्यावर एक रात्रसुद्धा झोपलेला नाहीस.

"तू मोजलं कसं होतं?" टिफ्टनं विचारलं. "तवा कोनी मोजनीवाला होता का?"

"चाकानं मोजलं. चाकाले चिंधी बांधून. अठी सारेच तसे मोजतात."

"ते ठाव हाये. मले निट सांग."

ओबेडनं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज जरा स्थिर झाला, कारण ही गोष्ट त्यानं शंभर वेळा सांगितलेली होती आणि अभिमानानं सांगितलेली होती. पूर्वेला सरकारी मोजणीचा मातीचा ढिगारा होता, तो सापडला. तिथून पश्चिमेला अर्धा मैल गेलं, की त्याचा तुकडा सुरू होणार होता. मधला खुंट वणव्यात जळून गेलेला. मागच्या चाकाचा घेर चौदा फूट, हे थोरल्या भावानं इंडियानात असतानाच सुतळी लावून मोजून दिलं होतं आणि आकडाही काढून दिला होता. अर्ध्या मैलाला एकशे एकोणनव्वद फेरे.

"म्या एकशे एकोननव्वद मक्याचे दाने मोजून थैलीत भरले. चिंधी वर आली, की थर्झानं एक दाना थैलीतून काढाचा आन डब्यात टाकाचा. थैली रिकामी झाली, की गाडी उभी. म्या बैलं हाकत होतो, ती मोजत होती. जठी गाडी उभी रायली तठीच हा दरवाजा हाये. एक दाना इकडचा तिकडं नाई."

 टिफ्ट गोठ्याजवळ उभ्या असलेल्या गाडीपाशी गेला. पाच वर्षांनी छप्पर गेलेलं, पण चाकं तीच होती. मागची दोन मोठी, पुढची दोन लहान, जशी कुठल्याही गाडीला असतात.

"चिंधी कोनत्या चाकाले बांधली होती?"

"मागच्या."

"पुढच्या," ऑर्फा म्हणाली.

ऑर्फा ही ओबेडची मुलगी, तेरा वर्षांची, पाण्याची बादली घेऊन मधेच उभी राहिली होती.

"मागच्या," ओबेड म्हणाला. "मापच मागच्या चाकाचं होतं."

"माप असन मागच्याचं. चिंधी माह्या लाल परकराची होती, बाबा, म्या रडले होते ना फाडली तवा. आई पुढं बसली होती. पोटुशी होती, तिले मागं वाकून पायता येत नव्हतं. मंग तूच म्हनलं, पुढं बांधू, तिले दिसन."

 टिफ्टनं खिशातून फीत काढली आणि पुढच्या चाकाभोवती फिरवली. साडेअकरा फूट. त्यानं कानावरची पेन्सिल घेतली आणि चाकाच्याच लाकडावर आकडे मांडले. ओबेड शेजारी वाकून पाहत होता. हिशेब त्याला येत होता. प्रत्येक फेऱ्याला अडीच फूट कमी. तीन ओळींचा हिशेब. ह्या गाडीत त्यानं पाच वर्षं मका वाहिला, तिच्या चाकांना वंगण घातलं, दर सहा महिन्यांनी स्वतःच्या हातांनी ती काढली आणि बसवली. पुढचं चाक लहान असतं हे त्याला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं?

"सात साखळ्यांचा हिशोब लागला," टिफ्ट म्हणाला. "दोन उरतात."

"दोन कुठी गेल्या?"

"गवत, उतार, बैलाची चाल. सोड ना. बुडालाच हायेस तं पानी किती खोल हाये हे मोजून काय करतं?"

दारात थर्झा उभी होती. हात कोपरापर्यंत पिठात. एवढा वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. ओबेडला ते तेव्हा जाणवलं नाही. त्याला तेव्हा काहीच जाणवत नव्हतं. टिफ्टनं चाकावर काढलेला सातचा आकडा जरा तिरपा आलाय, एवढंच दिसत होतं.

टिफ्टनं फीत गुंडाळली. मग आवाज उतरवून, आणि चांगला कान कुठला ते आठवून, तो ओबेडच्या उजव्या बाजूला आला.

"हे पाय, क्रँडल भाऊ. म्या आज आलोच नाई. माही साखळी आज तुटली. म्या शुक्रवारी येतो आन शुक्रवारी मोजतो. ओकरलुंड, तुले चालते का?"

ओकरलुंडला भाषा अर्धीच येत होती. पण हे त्याला समजलं. "शुक्रवार चांगला," तो म्हणाला. "माले घर नको. माले भांडन नको. म्या शेजारी पाहाले आलो."

"पाय, हा बी कबूल हाये. परवा कचेरीत तुले काय इचारतील? पाच वर्षं ह्या तुकड्यावर रायला का? तू म्हनशीन, हो. तुमाले तं शपथ बी खा लागत नाई, तुमच्या पंथाले नुसतं हो चालते. आन खोटं तरी काय हाये त्याच्यात? काल इचारलं असतं तं तू हो म्हनला असता, आन छाती ठोकून म्हनला असता. म्या दोन दिस लवकर आलो, हा माहा गुन्हा, तुहा नाई. आमी दक्षिनेची बाजू मोजून येतो. दुपारी सांग."

ते दोघं साखळी ओढत गवतात गेले. ओबेड विहिरीच्या कठड्यावर बसला.

ती विहीर चौसष्ट फूट होती. त्यातला प्रत्येक फूट त्यानं तोडक्या दांड्याच्या कुदळीनं खणला होता. खाली तो, वर रहाटावर थर्झा, सहा महिन्यांची गर्भार. त्याचा डावा कान लहानपणी खेचरानं लाथ मारली तेव्हाच गेलेला, त्यामुळं वरून हाक मारली तर खाली ऐकू यायची नाही. म्हणून मनगटाला दोरी बांधली होती. एक ओढ म्हणजे थांब, दोन म्हणजे बादली निघाली, अंग चोर. तेवीस दिवस ती दोरी त्याच्या मनगटाला होती. पाणी लागलं त्या दिवशी थर्झानं किती वेळा ओढली याचा हिशेब नव्हता, आणि खाली गुडघाभर गार पाण्यात उभं राहून त्याला समजेना, की थांबायचं की अंग चोरायचं.

त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं म्हणजे एवढंच. जन्म इंडियानातला, सात भावांत पाचवा. बाप दुसऱ्याची जमीन कसायचा, आजाही दुसऱ्याचीच. थर्झा शेजारच्या मंडळीतली. लग्नाला पाद्री नव्हता, त्यांच्यात नसतो. भरल्या बैठकीत दोघं उभी राहिली, एकमेकांना वचन दिलं आणि खाली बसली. उत्तर-दक्षिणेची लढाई झाली तेव्हा भाऊबंद घरी राहिले, कारण पंथात हत्यार धरत नाहीत. आणि ओबेडला तर बहिरा म्हणून कुणी विचारलंही नसतं. त्याला ते फार लागलं होतं. नाही म्हणायची संधीसुद्धा त्याला मिळाली नाही. मग अठराशे त्र्याहत्तर साली गाडी जुंपून नेब्रास्काच्या ह्या माळावर आला, कारण बापाच्या आणि आजाच्या आयुष्यात जे झालं नाही ते त्याला करायचं होतं. पाय ठेवीन ती जमीन माझी असली पाहिजे.

गवताच्या मुळ्यांनी घट्ट धरलेल्या मातीच्या ढेपा नांगरानं कापायच्या, विटांसारख्या रचायच्या, वर फांद्या आणि पुन्हा ढेपा, झालं घर. पाऊस बाहेर थांबला, की आत दोन दिवस पडतो. छतातून कधी साप ताटात. सरपण नाही, कारण झाड नाही. वाळल्या गवताची पेंढी पिळून पिळून चुलीत घालायची, आणि एक माणूस हिवाळाभर दुसरं काही करत नाही, नुसतं गवत पिळतो. चौऱ्याहत्तरला टोळ आले. मका खाल्ला, कांदे जमिनीत पोखरून खाल्ले, कुदळीच्या दांड्यावर घामाचं मीठ होतं म्हणून दांडे खाल्ले. टोळ गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात अकरा महिन्यांचा लेक एबल घशाच्या रोगानं गेला. ओबेडनं त्याच्यासाठी गाडीच्या मागच्या फळीची पेटी केली. त्यानंतरच्या हिवाळ्यात घरोघरची माणसं गाड्या वळवून परत पूर्वेकडं गेली. ओबेड गेला नाही. जाणाऱ्यांना तो सांगे, "माहं एक मानूस ह्या जमिनीत हाये आता. ही माहीच झाली."

त्याची नव्हती ती.

विहिरीतून बादली वर आली. ऑर्फा पाणी भरत होती. "बाबा, पी," ती म्हणाली. त्यानं तोंडात घोट घेतला आणि तो गिळायचा राहिला. बराच वेळ तो गाल फुगवून तसाच बसला. मग थुंकला. पाणी ओकरलुंडच्या जमिनीवर पडलं.

"आता काय आपन हाकलले जाऊ?" ऑर्फानं विचारलं.

"नाई."

"मंग?"

"तुह्या आईले बोलाव. बैठक बसवू."

चाळीस मैलांत त्यांच्या पंथाची बैठक नव्हती. पहिल्या वारी, म्हणजे रविवारी, आणि घरात काही मोठं ठरवायचं असेल तेव्हा, हे तिघं आपल्याच घरात तीन खोक्यांवर बसत. कुणी प्रार्थना म्हणायची नाही, गाणं नाही, पुस्तक नाही. गप्प बसायचं. ज्याच्या आत काही उठेल त्यानं उभं राहून बोलावं, नाहीतर तसंच उठावं. ओबेड घरात शिरला तेव्हा चुलीवर मक्याच्या भाकरी होत्या, थर्झानं तवा उतरवून चुलीच्या कडेला सरकवला आणि पिठाच्या हातांनीच आपल्या खोक्यावर बसली.

ओबेड गप्प बसला. पण आत तो गप्प नव्हता, आणि हे त्याचं त्याला ठाऊक होतं. टिफ्टचं बोलणं त्यानं उजव्या कानानं ऐकलं होतं आणि ते आतच राहिलं होतं. काल विचारलं असतं तर हो म्हणालो असतो. आज सकाळी काय बदललं? ढेपा त्याच, दार तेच. राहिलो तर आहेच, पाच वर्षं, एकही दिवस न चुकता. कुठं राहिलो ते एका साखळीवाल्याला ठाऊक आणि एका अर्धमुक्या माणसाला. जमिनीनं तर विचारलं नाही. कचेरीतला कारकून मान वर न करता विचारील, हो की नाही, आणि मी म्हणेन. शब्द तोच, कालचा. शिळा झाला म्हणून खोटा होतो का?

असं तो मनात नीट लावत होता, ढेप बसवावी तसं, आणि बरंच लागत आलं होतं. आता फक्त उठून बोलायचं होतं. गुडघ्यावर हात टेकले.

त्याच्या आधी थर्झा उठली.

चौदा वर्षांच्या संसारात थर्झा बैठकीत एकदाच बोलली होती, एबल गेला तेव्हा, आणि तेही चार शब्द. ती उभी राहिली आणि भिंतीकडं पाहत बोलली.

"त्या दोन साखळ्या माह्या हायेत."

ओबेडला वाटलं, आपल्याला ऐकू नीट आलं नाही. त्यानं मान वळवून उजवा कान पुढं केला.

"अकरा दाने रायले होते थैलीत," थर्झा म्हणाली. "माह्या पोटात कळ आली होती. सकायपासून येत होती. म्या तुले सांगितलं नाई, कारन सांगितलं असतं तं तू गाडी थांबवली असती आन मोजनं पुन्हा ढिगाऱ्यापासून केलं असतं. तू तसाच हायेस. मले वाटलं, आता अजून एक धक्का बसला तं हे लेकरू अठीच पडते. आन समोर ही खोल जागा आली, वारा लागत नव्हता. म्या थैली डब्यात उलटी केली. आन तुले म्हनलं, झाले."

ऑर्फाचं तोंड उघडंच राहिलं. ओबेडनं दोन्ही हात गुडघ्यांवरून उचलले आणि पुन्हा तिथंच ठेवले.

"अकरा," तो म्हणाला.

"अकरा."

"एक दाना इकडचा तिकडं नाई, असं म्या साऱ्यांले सांगतो. टिफ्टले सांगितलं आता. ढिगानं मानसं आली आन गेली, साऱ्यांले सांगितलं. तू तठीच असत होती. भाकर वाढत होती."

"हो."

"पाच वर्षं, थर्झा."

"पाच वर्षं. तू सांगे तवा मी आत जाऊन गवत पिळे."

हे मात्र खरं होतं. पाहुणे आले, की थर्झा उठून जाई, आणि ओबेड म्हणे, माझी बायको लाजरी आहे. लाजरी. त्याच्या डोक्यात काहीतरी सुटलं. घर दुसऱ्याच्या जमिनीत निघालं तेव्हा त्याच्या पायाखालची माती गेली होती, पण ही बाई होती जागेवर. जगात एक माणूस आहे जो खोटं बोलत नाही, असं त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं स्वतःचं नाव घेतलं नसतं, हिचं घेतलं असतं. आणि ती पिठाचे हात घेऊन उभी होती, रडत नव्हती, माफी मागत नव्हती. हिशेब द्यावा तसा दिला होता.

"मंग सकायी काहून नाई बोलली? सात लागल्या, दोन उरल्या तवा?"

"तो भानगडी मानूस होता तठी. हे त्याच्यासाठी नव्हतं." तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं. "आन मले तुहं तोंड दिसत होतं, ओबेड. तू परवासाठी हो तयार करून रायला होता. म्या वळखलं. तसंच तोंड माहं होतं, गाडीवर."

ओबेडनं मान खाली घातली.

"मले वाटलं होतं, लहान हाये. अकरा दाने, काय होते. पन ते खाली गेलंच नाई कधी. टोळ आले तवा वाटलं, त्याच्यानं. एबल गेला तवा म्या तेच म्हनलं मनात, त्याच्यानं गेला. ह्या उंबऱ्याखाली एक खोटं हाये. त्याच्यावर तुह्या खोट्याचा थर चढवला तं मी त्या घरात राहनार नाई, मंग कागद कोनाच्याबी नावाचा असो."

ती बसली. खोकं करकरलं. चुलीजवळच्या भाकरीचा जळकट वास येऊ लागला, पण बैठक उठेपर्यंत कुणी हलायचं नसतं, म्हणून कुणी हललं नाही.

बऱ्याच वेळानं ओबेड उभा राहिला. बैठकीत काय बोलायचं ते त्यानं लावून ठेवलं होतं, ते सगळं गेलं होतं. त्याच्या तोंडून निघालं ते असं:

"तू सारे दाने बरोबर टाकले असते तरी घर चुकलंच असतं. सात साखळ्या माह्या हायेत. तुह्या दोनानं काही बिघडलं नाई." मग जरा थांबून, "बिघडलं, पन जमिनीचं नाई."

"हो," थर्झा म्हणाली.

"एबल त्याच्यानं गेला नाई. घसा होता तो. तिकडं खाली नदीकाठी चार लेकरं गेली त्या महिन्यात, त्यांच्या आयांनी कोनते दाने टाकले होते?"

 थर्झाचे खांदे एकदा वर गेले आणि खाली आले. ओबेडनं हात पुढं केला, बैठक उठताना करतात तसा, आणि तिनं तो धरला. पिठाचा होता. ऑर्फानंही दोघांचे हात धरले आणि लगेच सोडून भाकरीकडं धावली.

"एक बाजू कोयसा झाली," ती म्हणाली.

"दुसरी खाऊ," ओबेड म्हणाला.

टिफ्ट आणि ओकरलुंड दुपारी आले तेव्हा त्यांना दुसरी बाजू वाढली गेली, वर काकवी आणि ताक. टिफ्टनं दोन घास खाल्ले आणि भुवया उडवल्या. "मंग? माही साखळी तुटली का?"

"नाई तुटली. नऊ लिही."

टिफ्टचा घास हातात राहिला. "तुले समजते का तू काय बोलून रायला? नऊ लिहिलं तं पाच वर्षं गेली. परवा तुले हात हालवत वापस पाठवतील."

"परवा मी जातो आन मीच सांगतो. चाक दाखवाले गाडीच घेऊन जातो. त्यांनी जमीन देली तं देली. नाई तं पुन्हा पाच, एकपासून."

"वैनी, ह्याले काही सांग वं."

"म्याच सांगितलं," थर्झा म्हणाली. "ताक घे."

टिफ्टनं एकदा ह्याच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. एवढ्या वर्षांच्या मोजणीत त्यानं रातोरात चाकांवर घरं हलवणारे पाहिले होते, बाहुलीएवढी झोपडी माळावर ठेवून हे घर म्हणणारे पाहिले होते, पैसे चारणारे तर रोजचे. हा प्रकार त्यानं पाहिला नव्हता. "तुमी लोक," तो म्हणाला, आणि पुढं त्याला शब्दच सापडला नाही. हेही त्याचं पहिल्यांदाच झालं.

ओकरलुंड एवढा वेळ खाली मान घालून जेवत होता. तो आता हळू हळू, एकेक शब्द उचलून ठेवत बोलला. "घर तुमी राहा. नवा होते तवरी. इहीर... म्या इहीर खोदू शकत नाई, पाठ मोडली जहाजावर. इहीर दोघाचा." मग त्यानं खिडकीतून बाहेर झुडपाकडं पाहिलं. त्याला कुणीतरी सांगितलं असावं, किंवा त्यानं स्वतःच ओळखलं असावं. "तिथं माझा नांगर नाई जाणार. कवाच नाई."

थर्झानं त्याच्या वाटीत ताक ओतलं, काठोकाठ.

टिफ्टनं जेवून वही काढली, पेन्सिलचं टोक जिभेला लावलं आणि लिहिलं. मग बाहेर जाऊन दाराच्या पश्चिमेला नऊ साखळ्या मोजल्या आणि शेवटच्या टोकाला खुंट ठोकला. खुंट बसला तो ओबेडच्या वखरलेल्या शेताच्या अलीकडच्या काठाला. शेत त्याचं होतं. पाच वर्षं जे कसलं ते जवळपास सगळं त्याच्याच जमिनीत होतं. फक्त तो राहत दुसरीकडं होता.

ओबेड खुंटापर्यंत चालत गेला. हात लावून पाहिला, घट्ट होता. नवं घर कुठं बांधायचं याचा विचार डोक्यात यायला लागला, पण तो त्यानं थांबवला. ढेपा कापायला आता ओल कमी होती, ते पावसानंतर. बैल सकाळपासून उन्हात उभे होते, एकानं लोंबत्या कासऱ्यात पाय अडकवून घेतला होता. ओबेडनं वाकून पाय सोडवला, जू सारखं केलं, आणि उरलेल्या पट्ट्याकडं पाहिलं. चार तास तरी जातील.

"हर्र," तो म्हणाला, आणि वखर उचलून जमिनीत घातला.